पांढर, पोढी आणि बारा गाई

निघायचं कारण एक शब्द होता. शाळकरी मुलांसाठी पुरातत्त्वाचा छोटा कोश इंग्रजीतून मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं होतं. साडेतीनशे शब्द, मुदत दोन महिने. उत्खनन, स्तररचना, मृद्भांड, कालनिर्धारण... मी झपाट्यानं पुढे चालले होते. मग आला ‘हॅबिटेशन माउंड’. मी लिहिलं, ‘वसाहतजन्य टेकाड’. स्वतःवर खूश होऊन मामाला फोनवर वाचून दाखवलं.

तो बराच वेळ हसत होता. मग म्हणाला, “अगं, पांढर म्हण की.”

मामा तरुणपणी दोन हंगाम खोदाईच्या जागी खापरांची चित्रं काढायला होता. पुढं आयुष्य पाटबंधाऱ्यांचे नकाशे काढण्यात गेलं, पण खोड गेली नाही. अजून कुणाकडे जेवायला गेला की आधी वाटीच्या काठावरून बोट फिरवतो. आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. “यादी घेऊन ये,” म्हणाला. “गाडी तुझी, पेट्रोल माझं.”

डिसेंबरातले सहा दिवस ठरले.

पहिला दिवस : पुणे, लेण्याद्री, मानमोडी

सहाला निघालो, नारायणगावात मिसळ खाल्ली. लेण्याद्रीच्या पायथ्याशी डोलीवाले मामाच्या मागं लागले. त्यांना हात जोडून तो पायऱ्या चढायला लागला आणि दर पंचवीस पायऱ्यांवर ‘देखावा बघायला’ थांबत गेला. वाटेत ताक विकणाऱ्या एका बाईंनी विचारलं, “गणपतीला, का लेणी बघायला?” मामा म्हणाला, “लेणी.” तिथंच त्याचा पहिला तास सुरू झाला.

लेणं म्हणजे दागिना, सौभाग्यलेणं म्हणतो ते. आणि लेणं म्हणजे हे, डोंगरात कोरलेलं. मला कायम वाटायचं, डोंगराचा दागिना म्हणून लेणं. छान कल्पना आहे, पण चूक. अंगावर ‘लेतो’ ते लेणं निराळं आणि हे निराळं. हे संस्कृत ‘लयन’वरून आलं, म्हणजे राहायची, विसाव्याची जागा. प्राकृतात त्याचं ‘लेण’ झालं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत हाच शब्द आहे आणि तो आपण जवळपास न बदलता वापरतो. माझ्या यादीत मी ‘शैलोत्कीर्ण गुंफा’ लिहिलं होतं. ताकाचा पेला हातात धरून ते खोडलं.

गिरिजात्मजाचं देऊळ म्हणजे सातव्या क्रमांकाचं लेणं, मूळचा बौद्ध विहार. आत प्रशस्त दालन, मधे एकही खांब नाही. लोक गणपतीपुढं रांगेत असतात, त्यामुळे भिंतींतल्या खोल्यांकडे कुणी बघत नाही. भिक्षू राहायचे त्या खोल्या. मी कोशात ‘भिक्षुकक्ष’ केलं होतं. मामानं विचारलं, “देवळाच्या आवारात वारकरी उतरतात त्या खोलीला काय म्हणतेस?”

“ओवरी.”

“नाशिकच्या लेण्यात उषवदाताच्या बायकोचा लेख आहे, दखमित्रेचा. तिनं दान दिलं त्याला तिथं काय शब्द आहे? ओवरक.”

दखमित्रा ही क्षत्रप नहपानाची, म्हणजे तेव्हाच्या शक राजाची मुलगी. तिनं खडकात कोरून घेतलेला शब्द आपण पंढरपुरात, आळंदीत, गावोगावच्या देवळांत रोज वापरतो. आणि मी मुलांना ‘कक्ष’ शिकवायला निघाले होते.

शेजारचं सहावं लेणं चैत्यगृहाचं, म्हणजे भिक्षूंच्या प्रार्थनेचं आहे. तिथल्या लेखात दात्याचं नाव सुलसदत, कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा. हेरणिक म्हणजे सोन्याशी संबंध असलेला, सोनार म्हणा किंवा खजिनदार. घाटाखालचं कल्याण बंदर, घाटावरचं जुन्नर आणि मधे नाणेघाट. कल्याणची माणसं सुट्टीच्या दिवशी जुन्नरला गर्दी करतात, ही काही आजची तक्रार नाही.

दुपारी मानमोडीच्या डोंगरात. इथं मोठ्यानं बोलायचं नाही, अत्तर लावायचं नाही, कारण कड्याला आग्यामोहोळं लटकलेली असतात. अयमाचा लेख इथं आहे. हा अयम महाक्षत्रप नहपानाचा अमात्य होता. मामानं टिपून आणलेलं वाचून दाखवलं, तेही कुजबुजत : ‘रञो महखतपस सामि नहपानस आमतस वछसगोतस अयमस देयधम च पोढि मटपो च पुञथय वसे ४६ कतो’.

पहिल्यांदा ऐकताना परकं वाटतं. दुसऱ्यांदा ऐकताना ‘मटपो’तला मंडप दिसतो. तिसऱ्यांदा ‘पुञथय’तलं पुण्य. देयधम म्हणजे धर्मासाठी दिलेलं. आणि पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. ४६ हे वर्ष नेमकं कुठल्या गणनेतलं, यावर अभ्यासकांची भांडणं आहेत, ती त्यांना लखलाभ. मला ‘पोढी’ फार आवडला. भटकी मंडळी टाकं म्हणतात, पुरातत्त्ववाले अजून पोढी म्हणतात. कोशात आधी माझं ‘जलकुंड’ होतं.

“अजून एक ऐक,” मामा म्हणाला. जुन्नरच्याच लेण्यांत एका यवनाचा, म्हणजे ग्रीकांकडच्या माणसाचा लेख आहे. नाव इरिल. त्यानं काय दिलं? ‘बे पोढियो’.

“बे?”

“बे एके बे, बे दुणे चार.”

मी एकदम ओरडले. मामानं तोंडावर बोट ठेवून वर कड्याकडे दाखवलं. आम्ही दोघंही जागच्या जागी गप्प. पोळं हललं नाही. पण उतरताना डोक्यात पाढाच चालू होता. दुसरीच्या वर्गात पट्टीचा मार खात म्हटलेला ‘बे’, आणि तो जुन्नरच्या खडकात एका ग्रीकानं दिलेल्या पाण्याच्या दोन टाक्यांचा हिशेब सांगतोय.

दुसरा दिवस : नाणेघाट

पहाटे जुन्नरहून निघालो. घाटघरच्या पठारावर दव असं होतं की बूट भिजले. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. शेजारी नानाचा अंगठा, समोर जीवधन. रांजणाशी फोटो काढायला रांग होती, म्हणून आम्ही सरळ खिंडीतून खाली लेण्याकडे गेलो.

इथला लेख सातवाहन राणी नागनिकेचा. १८२८ साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची दखल घेतली, त्याआधी घाट चढणाऱ्या प्रत्येकानं तो बघितला असेल आणि कुणाला वाचता आला नसेल. डाव्या-उजव्या भिंती अक्षरांनी भरलेल्या. पहिल्यांदा मला काहीच दिसलं नाही. मोबाइलचा उजेड समोरून मारला तर नुसता खरबरीत काळा दगड. मामानं माझा हात धरून फोन भिंतीला जवळजवळ टेकवला आणि उजेड आडवा पाडला. अक्षरं उठून उभी राहिली. प्रत्येक खाचेची एक कड उजळ, एक कड काळी. एक अधिकाच्या चिन्हासारखं अक्षर दिसलं. “तो क,” मामा म्हणाला. ब्राह्मीतला क अगदी अधिकाच्या चिन्हासारखा असतो, पहिल्या दिवशी कुणालाही ओळखता येतो. मी अर्धा तास नुसते क शोधत होते.

लेखाच्या सुरुवातीला देवांना वंदन आहे, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य, दिक्पाल. मग यज्ञांची यादी आणि कुठल्या यज्ञात किती दक्षिणा दिली याची जंत्री. त्यातलं एक वाक्य मामाला पाठ होतं : ‘अगाधेय यंञो दखिना दिना गावो बारस १२ असो च १’.

अग्न्याधेय यज्ञ. दक्षिणा दिली. गाई बारा, १२. आणि घोडा एक.

‘बारस’ला तर भाषांतरच लागत नाही. पण मला जास्त गंमत वाटली ती आकड्याची. आधी अक्षरी बारा, मग आकडी १२. बँकेत धनादेश लिहितो तसं. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपास कुणीतरी विचार केला असणार, की नुसता आकडा ठेवला तर उद्या कुणी घोळ घालील. भारतातल्या आकड्यांच्या इतिहासात नाणेघाटचं नाव पहिल्या पानांवर येतं ते या जंत्रीमुळे. राणीला आपलं पुण्य नोंदवायचं होतं, गणिताच्या इतिहासकारांचं काम फुकटात झालं.

मागच्या भिंतीवर आणखी एक प्रकार आहे. तिथं राजघराण्यातल्यांच्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणांपलीकडे फारसं काही उरलेलं नाही, पण वरची नावं शाबूत आहेत. सातवाहन राजा सिमुक, राणी नायनिका (हीच नागनिका) आणि राजा सिरी सातकनि, कुमार, आणि एक ‘महारठि’. हे ‘महारठि’ वाचलं की मराठी माणूस लगेच छाती फुगवतो, मीही फुगवली. मामा म्हणाला, तो एक पदवीचा, मानाचा शब्द होता एवढंच धरून चाल, पुढचं भांडण घरी. नावाच्या पाट्या आहेत आणि माणसं नाहीत, असं संग्रहालय मी दुसरं पाहिलेलं नाही.

घाटघरात एका घरी जेवलो. नाचणीची भाकरी, पिठलं, वर ठेचा. घरच्या आजींनी विचारलं, “लेण्यात काय लिवलंय ओ?” मामानं सांगितलं, राणीनं दान केलेल्या गाईंचा हिशेब आहे. “किती व्हत्या?” एका यज्ञात बारा, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “राणी असून बाराच?” इतर यज्ञांत शेकड्यांनी आणि हजारांनी आहेत हे सांगितलं तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं.

तिसरा दिवस : जोर्वे, नेवासे

संगमनेरच्या अलीकडे टायर पंक्चर झालं, तासभर गेला. पंक्चर काढणाऱ्यानं ट्यूबमधून तीन इंचांचा खिळा काढून दाखवला. मामानं तो रुमालात गुंडाळून ठेवला. कशाला, विचारलं तर म्हणे, “सापडलेली वस्तू टाकायची नाही.”

जोर्वे प्रवरेकाठी. १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथं खोदलं. तांब्याच्या कुऱ्हाडी निघाल्या, आणि लाल भांडी, वर काळ्या रंगाची नक्षी. पुढं अशीच भांडी महाराष्ट्रात ठिकठिकाणी सापडली आणि त्या सगळ्यांना नाव पडलं ‘जोर्वे संस्कृती’. साधारण इ.स.पू. १४०० ते ७००. (आधीचा आकडा मोठा आणि नंतरचा लहान, हे मुलांना समजावताना माझी दमछाक होते. मामाची युक्ती : उलटी मोजणी समज, शून्याकडे चाललोय.)

गावात शिरून मी टपरीवरच्या पोराला विचारलं, “इथं उत्खनन झालं होतं ती जागा कुठं?” तो म्हणाला, “कसलं खोदकाम? पाइपलाइनीचं का?” दुसरा म्हणाला, “जेसीबी तिकडं चाललाय बघा.” मामानं काच खाली केली आणि बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, “पाव्हणं, जुनी पांढर कुठल्या अंगाला?” त्यांनी न बोलता काठी उचलून नदीकडे केली.

आता पांढर म्हणजे काय ते लिहिते, कारण या सगळ्या खटाटोपाचं मूळ तेच. आपल्याकडे गावाची जमीन दोन प्रकारची, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची. पांढरी म्हणजे जिथं घरं असतात ती. माणसं शेकडो वर्षं एका जागी राहिली की चुलीची राख, शेण, गोठ्यातला कचरा, पडलेल्या भिंतींची माती, चुना, हाडं, सगळं साठत जातं. घर पडलं की तिथंच माती सपाट करून दुसरं उभं राहतं. गाव आपल्याच पडझडीवर उंच होत जातं. मग कधीतरी माणसं निघून जातात आणि काळ्या रानात एक फिकट, राखाडी उंचवटा मागं राहतो. ती पांढर. पुरातत्त्ववाले नवं ठिकाण शोधायला निघाले की टेकाडाआधी मातीचा रंग बघतात. शेतकऱ्याला ही माती खत म्हणून हवी असते, मराठवाड्यात माळवदावर घालायला हवी असते, म्हणून गाड्यांनी वाहून नेतात. कितीतरी जुनी गावं अशी शेतांत पसरली गेली.

पांढर आता उसाखाली होती. बांधावर मात्र खापरं दिसत होती. मामानं एक उचललं, अंगठ्यानं माती पुसली, काठ वर धरला. मग नखानं टिचकी मारली. टण्. मडकं घेताना बायका वाजवतात तसं. चांगलं भाजलेलं जोर्वेचं भांडं धातूसारखं वाजतं. शेजारचं दुसरं जाडं खापर वाजवलं, ते नुसतं ठप्प. “हे परवाचं,” मामा म्हणाला. परवाचं म्हणजे दोनतीनशे वर्षांचं असेल. दोन्ही होती तिथं ठेवून दिली. खिळा घरी आणणारा माणूस, पण खापर नाही आणत. “जागेवरून हललं की ते मुकं होतं.”

परतताना त्या टपरीवरच्या पोराला मी सांगितलं, तुझ्या गावाच्या नावानं एक संस्कृती ओळखली जाते. तो म्हणाला, “मग! आमच्याकडं सप्ताह असतो, यात्रा असते, सगळी संस्कृती पहिल्यापासून आहे.” मला हसू आलं, पण चूक माझीच. पुरातत्त्वात संस्कृती म्हणजे सणवार नाहीत. ठरावीक घडणीची भांडी, ठरावीक हत्यारं, ठरावीक घरं आणि पुरण्याची रीत एकत्र सापडायला लागली की त्या संचाला हे नाव देतात. हा शब्द कोशात नुसता देऊन भागणार नाही, चार ओळी लिहायला लागतील.

संध्याकाळी नेवासे. इथला पैस खांब सगळ्यांना ठाऊक, याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात, शके १२१२. नाणेघाटच्या ‘बारस’नंतर हे दोन बारा शेजारीशेजारी बघून मला उगाच बरं वाटलं. पैस म्हणजे ऐसपैसमधला पैस, विस्तार. दर्शन घेणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की याच गावात लाडमोड नावाचं टेकाड आहे, तिथं १९५४ ते ५६ मध्ये खोदाई झाली आणि प्रवरेच्या काठच्या गोट्यांच्या थरात अश्मयुगातली हत्यारं मिळाली? एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ होती. दोरा सहसा टिकत नाही, पण तांब्याच्या गंजानं तो राखला. त्यात कापूस होता आणि रेशीमही. मामाला हा दोरा खांबाइतकाच वंदनीय वाटतो.

चौथा दिवस : पैठणमार्गे तेर

दिवसभर गाडीच. पैठणला चहा, गोदावरी, एकनाथांच्या वाड्यात डोकं टेकवलं आणि निघालो.

पण एक गोष्ट लिहायलाच हवी. पहिल्या शतकात एका अनामिक व्यापाऱ्यानं ग्रीक भाषेत अरबी समुद्राच्या व्यापाराची माहितीवही लिहिली, ‘पेरिप्लस’ म्हणून ती ओळखली जाते. त्यात लिहिलंय, भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर ‘पैथाना’, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर ‘तगर’, फार मोठं शहर. संस्कृतात प्रतिष्ठान, पण व्यापाऱ्याच्या कानावर जे पडलं ते आपल्या पैठणच्या जवळचं. बाजारातली माणसं तेव्हाही पैठणच म्हणत असणार. मुलखाचं नाव त्यानं ‘दखिनाबदेस’ असं काहीसं लिहिलंय, आणि वर खुलासा, की इथल्या भाषेत ‘दखन’ म्हणजे दक्षिण. दोन हजार वर्षांपूर्वीची ही शब्दसूचीच झाली की. आमच्या व्यवसायातला माणूस.

तगरहून जाडंभरडं कापड आणि मलमल, पैठणहून रंगीत मौल्यवान खडे, सगळं गाड्यांनी, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं, असंही तो सांगतो. ती दहा दिवसांची वाट आम्ही साडेपाच तासांत काटली. शेवटचे काही किलोमीटर मात्र त्याचं वर्णन तंतोतंत पटलं.

वाटेत एका देवळापुढं वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड दिसला म्हणून थांबलो. शेंदूर इतका चढलेला, की खालच्या चौकटीतली लढाई म्हणजे नुसते गोळे. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला घेऊन चालल्या आहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढं बसलाय, सगळ्यात वर कलश. खालून वर वाचायचं चित्र. ‘गळ’ हा कानडी ‘कल्लू’, म्हणजे दगड. पुजारी म्हणाले, “हा आमचा म्हसोबा.” मामानं नमस्कार केला, मीही केला.

पाचवा दिवस : तेर

तगर म्हणजेच तेर. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणा नदीकाठचं गाव, गोरोबाकाकांचं गाव. अख्खं गाव पांढरीवर वसलंय. गल्लीतून चालताना घराच्या पायालगत कापलेल्या मातीत खापरांचे थर उघडे दिसतात. माझ्या यादीत ‘स्तर’ होता. इथं एका माणसानं न्हाणीघरासाठी खड्डा घेतला होता, तो म्हणाला, “इथं थरावर थर हाय, पाच फूट गेलो तरी खापरंच.” कोशात ‘स्तर’ राहू दिला, शास्त्राला तो लागतो. पण कंसात ‘थर’ लिहिलं.

इथलं रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय बघायला अर्धा दिवस हाताशी ठेवा. लामतुरे तेरचेच. लोक पांढरी माती खणून न्यायचे तेव्हा जे निघायचं ते त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केलं, हजारो वस्तू. मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी, साचे, दिवे, भाजल्या मातीच्या मूर्ती. एका कपाटापुढं मी अडकले. बोटाएवढ्या बाईच्या मूर्ती, केसांचा अंबाडा इतका नीट, की जाळीसुद्धा मोजता यावी. फलकांवर ‘मृण्मूर्ती’. शाळेची सहल आली होती. एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, “अय्या, बाहुल्या बघ!” बाई म्हणाल्या, “बाहुल्या नाहीत, मृण्मूर्ती.” मी बाईंच्या बाजूची की मुलीच्या, ते ठरेना. यातल्या काही खरंच खेळणी असतील, काही पूजेच्या. ‘मृण्मूर्ती’ म्हटलं की दोन्ही सुटतं. तो शब्द बरोबर आहे, पण ओठांना चिकटतो.

तेरला सापडलेली हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती प्रसिद्ध आहे. इटलीत पॉम्पेई शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं, तिथं १९३८ साली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली, तिच्याशी हिचं नातं लगेच कळतं. तेरणेकाठ आणि व्हेसुवियसचा पायथा. पेरिप्लसवाल्याला यात काही नवल वाटलं नसतं.

मग त्रिविक्रमाचं देऊळ. विटांचं, मागची बाजू अर्धगोल. मूळचं बौद्ध चैत्य असावं असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. या आकाराला मी ‘चापाकार’ लिहिलं होतं. मामानं मला देवळाच्या मागं नेऊन उभं केलं. “आता बघ, काय दिसतं?” बसलेल्या हत्तीची पाठ. जुना शब्द आहे ‘गजपृष्ठ’. संस्कृत शब्द म्हणून नाकं मुरडायची मला आता सवय लागायला आली होती, ती इथं उतरली. गजपृष्ठ म्हणजे नुसता शब्द नाही, चित्रच आहे.

संध्याकाळी गोरोबाकाकांच्या मंदिरात बसलो. ती गोष्ट सगळ्यांनाच माहीत आहे. संतमंडळी जमली होती, मुक्ताईनं कोपऱ्यातलं थापटणं बघून विचारलं, काका हे काय? मडकी कच्ची की भाजलेली ते बघायचं साधन. मग काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं, आणि नामदेव चिडला म्हणून तो कच्चा ठरला. ऐकून ऐकून गुळगुळीत झालेली गोष्ट. पण परवाच जोर्व्याच्या बांधावर मामानं खापराला मारलेली टिचकी माझ्या कानात होती. पांढरीवर वसलेल्या, खापरांनी भरलेल्या गावातल्या कुंभाराला माणसं तपासायला दुसरी कुठली रीत सुचणार?

मामा म्हणाला, “मला वाजवलं असतं तर?”

“ठप्प,” मी म्हटलं.

सहावा दिवस : इनामगाव आणि घर

बार्शी, कुर्डुवाडी, मग सोलापूर रस्ता, चौफुल्याहून न्हावऱ्याकडे वळून घोड नदी. मामा सकाळपासून कमी बोलत होता. त्याचे दोन हंगाम इथलेच. १९६८ ते ८३ अशी पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजनं इनामगाव खोदलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मोठी नावं. सव्वाशेहून जास्त घरं उघडी झाली. आपल्याकडच्या पहिल्या शेतकऱ्यांचं एवढं तपशिलात माहीत असलेलं दुसरं गाव नाही. सातू पिकवायचे, नदीच्या पुराचं पाणी पाटानं वळवायचे, वर बंधारा घातला होता. पाट हा शब्द ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं, की मामा पुढं पाटबंधाऱ्यांत गेला तो उगाच नाही. विचारलं, तर नुसता “हं” म्हणाला.

बघायला आता काही नाही. चर बुजवलेले, बोरी-बाभळी, शेळ्या. मामानं चार पावलं मोजली, थांबला, परत मोजली. “आमची पॉटरी यार्ड इथं होती.” खोदून निघालेली खापरं धुऊन, चौकटी आखून मांडायची जागा म्हणजे पॉटरी यार्ड. याला मराठी शब्द नव्हता, आणि कामावरच्या बायकाही ‘पाटरी याड’ म्हणायच्या. कोशात तोच घालायचं ठरलं.

मग दफनांचं बोलणं निघालं. इनामगावात मोठी माणसं पुरताना पावलं घोट्याखाली तोडलेली आढळतात, मेलेला परत चालत येऊ नये म्हणून असेल. एक माणूस मात्र पावलांसकट, चार पायांच्या मोठ्या कच्च्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात. गावाचा प्रमुख असणार. लहान मुलांचं वेगळं. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत मूल, आणि ती घरातल्याच जमिनीखाली पुरायची. वर रोजचं घर चालू. चूल, दळण, झोप.

मी यादीत ‘अर्भक-कलश-दफन’ लिहिलं होतं. मामाला विचारलं, काय लिहू?

तो म्हणाला, त्याला एकदा अशा मडक्यांचं चित्र काढायला दिलं होतं. वय बावीस. काठाचा व्यास मोजायचा, अर्ध्या बाजूला छेद, अर्ध्या बाजूला बाहेरचं रूप, ठरलेली पद्धत. तो मोजपट्टी लावत होता तेव्हा शेजारी माती चाळणाऱ्या एका बाईनं चाळणी खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, “नीट काढ रं बाबा. लेकरू हाय.”

“मग?”

“मग काय. तीनदा काढलं.”

नदीकडून वारा सुटला होता. शेळ्यांमागच्या पोरानं आम्हाला काही हरवलंय का विचारलं. मामानं खिशातून संगमनेरचा खिळा काढून त्याला दाखवला आणि त्यांच्या गप्पा सुरू झाल्या.

घरी येऊन यादी नीट केली. पांढर, खापर, पोढी, ओवरी, थर, गजपृष्ठ, पॉटरी यार्ड. त्या एका ओळीपुढची जागा अजून रिकामी आहे. मुदत शुक्रवारी संपते.